सिस्टरबाईंनी पाहिलेला पिक्चर

सिस्टरबाईंबरोबर पिक्चर बघायला बसण्यापेक्षा पोलीस ठाण्यात बसलेलं बरं. पोलीस निदान मधेमधे गप्प तरी बसतात. मी दोन्हीकडे बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

त्या आमच्या घरमालकीण. जिल्हा नवा झाला तेव्हा हिंगोलीत जरा बरी खोली दिसली की तिच्यावर कुठल्यातरी सरकारी ऑफिसचा बोर्ड आधीच लागलेला असायचा. त्यात मोर्चेवाल्यांना जागा कोण देणार? सिस्टरबाईंनी दिली. समोरची खोली संघटनेच्या ऑफिसला आणि मागच्या बोळातली खाट मला. अट एकच. आत येणाऱ्या प्रत्येकानं हौदावर हात धुवायचे, साबणानं, मनगटापर्यंत. सेनगावचा आमचा एक खंदा कार्यकर्ता दोन दिवसांच्या उपोषणातून उठून थेट ऑफिसला आला, तर त्याला बाईंनी उंबऱ्यावरूनच मागं फिरवला. म्हणाल्या, "क्रांती मागून कर. आधी नखं काप."

तीसेक वर्षं त्यांनी सेनगावच्या बाजूला खेड्यापाड्यांत नर्स म्हणून काढली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पदराच्या पिनेला घड्याळ उलटं लटकवलेलं असायचं. समोरचा माणूस बोलत असला की त्यांची नजर त्याच्या तोंडावर नसे, छातीवर असे. मी एकदा पाणीप्रश्नावर पंधरा मिनिटं तावातावानं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मिनिटाला अठ्ठावीस श्वास घेऊन राहिला तू. पाणी पी."

आणि उकळणं. पहाटे बुद्धवंदना झाली की त्यांचा स्टोव्ह पेटायचा आणि पातेल्यात काहीतरी खदखदायला लागायचं. चमचे, कंगवे, नातवाची शिटी. आमच्या ऑफिसातली कात्री दर शनिवारी उकळून निघायची. पत्रकांचे गठ्ठे कापायच्या कात्रीला कसला जंतू चावणार होता, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

भाऊंची गोष्ट तर सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. भाऊ म्हणजे आमचे अध्यक्ष. त्यांच्यासमोर आम्ही पायावर पाय टाकून बसत नव्हतो. ते पहिल्यांदा ऑफिसला आले, हात धुऊन आले, आणि सिस्टरबाईंनी सरळ पुढं होऊन अंगठ्यानं त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"पांढरंफट्ट," बाई म्हणाल्या. "रक्त न्हाई तुमच्या अंगात. भाषणं कशाच्या जिवावर करता?"

भाऊ हसले. आम्हाला हसता येईना. बाईंनी लाल गोळ्यांची पुडी त्यांच्या खिशात कोंबली, आणि महिन्याभरात भाऊंचा आवाज खरोखरच सुधारला. हे कबूल करायला मला आजही जड जातं.

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर पिक्चर लागला की मला बोळातून हाक यायची, "कार्यकर्ते, या." मी जायचो, कारण चहा असायचा. पण पिक्चर? गोष्ट काय आहे, कोण कोणाचा कोण, याच्याशी बाईंना काहीच देणंघेणं नव्हतं. हीरोच्या खांद्यातली गोळी चाकूनं काढली की त्या घड्याळ बघायच्या. "ह्याला आठ दिवसांत धनुर्वात." हिरॉइनची आई खोकली की, "बेडका तपासा आधी, मग रडा." पण त्यांचा खरा राग बाळंतपणावर. पिक्चरमधली बाई पहिली किंकाळी मारायची आणि बाईंचं घड्याळ सुरू. किंकाळी, वीज कडाडली, दिवा फडफडला, लेकरू रडलं.

"चार मिनिटं! पहिलटकरीण चार मिनिटांत मोकळी! हिला मेडल द्या."

मग दाई कापडात गुंडाळलेलं लेकरू बाहेर आणायची. बाई टीव्हीच्या काचेला नाक लावायच्या. "तीन महिन्यांचं हाय हे. मान धरून राहिलं बघ. जावळ बघ केवढं. आन् नाळ कुठंय?"

"सिस्टरबाई, पिक्चर आहे तो."

"पिक्चर हाय म्हणून नाळ नसती का?"

अशा बाईला एका मोठ्या दिग्दर्शकाचा गंभीर पिक्चर दाखवायचा नसतो, एवढी अक्कल मला असायला हवी होती. नव्हती.

झालं असं. साखऱ्याच्या पुढं कच्च्या रस्त्यावर एक गाव आहे. तिथली एक बाई बाळंतपणात गेली. लेकरू घरीच झालं, लेकरू वाचलं, पण आई रक्त जाऊन जाऊन हिंगोलीच्या वाटेवर जीपमध्येच संपली. गावात आरोग्य उपकेंद्र होतं. त्याला एक नर्स होती, ती त्या दिवशी तिथं नव्हती. आम्हाला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. आजही फिरतं. विसाव्या शतकाचा हिशेब मिटवून लोक पुढं निघाले आणि आमच्याकडची बाई जीपच्या मागच्या सीटवर मरते!

नेमका त्याच वेळी भाऊंनी पुण्याहून एक सीडी आणली. दिग्दर्शकाचं नाव मी लिहीत नाही. घेतलं की शहाणे लोक खुर्चीत सरळ होऊन बसतात, एवढं मोठं नाव. त्याचा नवा पिक्चर होता. रविवारच्या पुरवण्यांत त्याच्यावर पानंच्या पानं आली होती. विषय आमचाच. एक खेडं, एक गरीब घर, अडलेली बाई. घरचे लोक तिला खाटेवर घालून नर्सच्या दारात आणतात. दार वाजवतात. आत नर्स दुपारची झोपलेली, रेडिओ चालू असतो, गाणं ऐकू येतं, दार काही उघडत नाही. पुन्हा वाजवतात. मग कॅमेरा नुसता त्या दारावर थांबतो, कितीतरी वेळ, आणि रेडिओवरचं गाणं संपतं. तोवर बाईही संपलेली असते. मी तो पिक्चर तीन वेळा पाहिला. तिसऱ्यांदा मी रडलो, लपवत नाही.

म्हटलं, हा पिक्चर त्या गावात दाखवायचाच. भारनियमनाच्या वेळा विचारून रविवारची दुपार धरली. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना पोती लावली, टेम्पोतून टीव्ही आणि प्लेअर नेला. सिस्टरबाई म्हणाल्या, "नर्सचा पिक्चर हाय म्हणला ना तू? मी येते." मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्या टेम्पोत पुढं बसल्याही होत्या.

खोली खचाखच. मेलेल्या बाईची सासू अगदी पुढं, टीव्हीपासून दोन हातांवर. तिच्यामागं बायका, लेकरं, दारात पुरुष. पिक्चर सुरू झाला आणि माझ्या शेजारून सुरू झालं.

"ही बाई आठ महिन्यांची म्हणता का? पोटाला उशी बांधलीय. चालताना हात कमरंवर जातो बाईचा, हिचा जाईना."

"सिस्टरबाई, हळू."

"पाणी मात्र खरं उकळलंय. वाफ बघ. हे चांगलं केलं त्या माणसानं."

तेवढी एक गोष्ट त्यांना आवडली. वाफ. ज्या माणसाच्या एका फ्रेमवर लोक लेख लिहितात, त्याला बाईंनी पातेल्यातल्या वाफेबद्दल शाबासकी दिली. मग दाराचा तो प्रसंग आला. पुढं ती सासू पदर तोंडात घालून हुंदके देत होती. बायका रडत होत्या. आणि सिस्टरबाई भर शांततेत म्हणाल्या, "मोरीला पाणी कुठून आणते ही नर्स? नळ दिसंना, हापसा दिसंना."

नंतर चर्चा ठेवली होती. मी उभा राहिलो, प्रास्ताविक केलं, विचारलं, "या बाईला कोणी मारलं?" असा प्रश्न टाकला की आधी एक शांतता येते, मग कोणीतरी मागून ओरडतं, मग सभा पेटते. मला ते माहीत होतं. शांतता आली. आणि सिस्टरबाई उठल्या.

"वार पडली व्हती का न्हाई, ते दाखवलंच न्हाई."

"तो मुद्दा नाही, बाई."

"मग मेली कशानं?"

"व्यवस्थेनं मेली!"

"म्हंजे? रक्त गेलं का झटके आले?"

दारातले पुरुष हसले. माझी सभा गेली. पण बाई थांबणार होत्या का? त्या लोकांकडे वळल्या आणि शाळेत सांगतात तसं सांगायला लागल्या. "नर्स दुपारची झोपलेली दाखवली. ठीक हाय. झोपली असंल, मी बी झोपलेय. पण सकाळपासून ती कुठं व्हती? किती गावं हायेत तिच्याकडं? ह्या पिक्चरमधी नर्स एक तर झोपते, न्हाई तर दारात उगवते. चालताना एकदा तरी दिसली का? मी तीस वर्षं नुसती चालले. तेवढं एक चालणं दाखवलं असतं तर पिक्चर बरा व्हता."

बायका माना हलवत होत्या. एकजण म्हणाली, "व्हय, चालावं लागतं की." आणि मी तिथं सह्यांसाठी आणलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा हातात घेऊन उभा. संतापानं माझे कान तापले होते. परत येताना मी टेम्पोत मागं टीव्ही धरून बसलो. बाई मजेत होत्या. पिक्चर आवडला म्हणाल्या, एकंदरीत.

त्याच रात्री नको म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं थंड ठेवून, मी पत्रक लिहिलं. पत्रक लिहिण्यात मी जिल्ह्यात कोणाला हार जात नव्हतो. पहिल्या ओळीत माणूस मेला पाहिजे, शेवटच्या ओळीत मोर्च्याचं ठिकाण पाहिजे, आणि मधे वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. मथळा दिला, 'आणखी किती माता मारणार?' मेलेल्या बाईचं नाव, गाव घालून लिहिलं, 'नातेवाईकांनी उपकेंद्राचे दार तीनदा वाजवले, पण दार उघडले नाही.' खाली मागणी, 'मुख्यालयी न राहणाऱ्या नर्सला तात्काळ निलंबित करा!'

खोटं लिहितोय असं मला एक क्षणही वाटलं नाही. मी ते दार पाहिलं होतं. तीन वेळा पाहिलं होतं.

प्रेसला द्यायच्या आधी मजकूर टेबलावर ठेवून मी दाढी करायला गेलो. परत आलो तर सिस्टरबाई चष्मा लावून वाचत होत्या.

"दार कोणी वाजवलं?"

"नातेवाईकांनी."

"तुला कोणी सांगितलं?"

"सिस्टरबाई, दार म्हणजे व्यवस्थेचं दार. प्रतीक असतं ते."

"म्हंजे वाजवलं का न्हाई वाजवलं?"

"लोकांना कळतं बरोबर."

"त्या उपकेंद्रात मी सात वर्षं काढली," बाई म्हणाल्या. "त्याला दार हाय, कडी न्हाई. ढकललं की उघडतं. म्हणून तर आताची नर्स पोरगी तिथं रात्रीची राहत न्हाई. एकटी पोरगी, बिनकडीच्या खोलीत कशी राहील? ही एक ओळ काढ. बाकी समदं छाप."

आता इथं काय झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. बाई एकदाच, सरळ, मुद्द्याचं बोलल्या होत्या. नाळ नाही, वार नाही, जावळ नाही. आणि मी म्हणालो, "तुम्ही तुमच्या खात्याचीच बाजू घेणार."

त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला. कागद होता तसा टेबलावर ठेवला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून पातेलं खदखदल्याचा आवाज आला. शनिवार नव्हता.

पत्रक गाजलं. सेनगावच्या बाजारात लोक मागून घेऊन जात होते. मोर्चा झाला, निवेदन दिलं, आरोग्य खात्याच्या साहेबांनी चौकशीचं आश्वासन दिलं. भाऊंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी त्या आठवड्यात हवेत होतो.

मग एका दुपारी एक पोरगी हौदावर हात धुताना दिसली. कोणी न सांगता, मनगटापर्यंत. पंचविशीची असेल. खांद्याला पिशवी, पिशवीतून कागदाचं टोक बाहेर आलेलं. ती सरळ आत सिस्टरबाईंकडे गेली. दहा मिनिटांनी हाक आली, "कार्यकर्ते, या. येताना पेन आणा."

मी गेलो. बाईंनी ओळख करून दिली, ती अशी. "ही त्या गावची नर्स. माझ्या हाताखाली शिकलेली. ह्यांच्या तांड्यातली पहिली नर्स हाय. आन् हा आपल्याकडंच राहतो. ह्यानंच लिवलं ते."

मला वाटलं, आता रडेल. नाही तर शिव्या देईल, दोन्हीला उत्तर माझ्याजवळ तयार होतं. तिनं पिशवीतून नोटीस काढून माझ्यासमोर ठेवली. कारणे दाखवा. खाली साहेबांची सही, आणि मधे माझं वाक्य. शब्द न् शब्द माझा. दार तीनदा वाजवले.

"तुमी लिवलं?" ती म्हणाली. "बरं झालं भेटले. मग तुमाला माहीतच असंल. दार कोणी वाजवलं? मला नाव सांगा फक्त. मी त्या दिवसापासून गावात तेच इचारून राहिले, कोणी सांगंना."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"त्याला काय इचारती?" सिस्टरबाई म्हणाल्या. "त्यानं पिक्चरमधी पाहिलंय." मग माझ्याकडे वळल्या. "तुझं अक्षर चांगलं हाय. हिचा खुलासा लिही."

मी कागद ओढला. 'सविनय सादर करण्यात येते की' इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. पुढं लिहायला एक गोष्ट माहीत पाहिजे होती. पत्रक लिहिलं, मोर्चा काढला, निवेदन दिलं, आणि ती एक गोष्ट मी कोणालाच विचारली नव्हती.

"त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

"कॅम्पला," ती म्हणाली. "कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा कॅम्प व्हता ना मोठ्या दवाखान्यात. साहेबांचा निरोप, तीन केस घेऊन सकाळी सातला हजर व्हा, न्हाई तर तोंड दाखवू नका."

"टार्गेट तर बंद झालंय."

दोघीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. "टार्गेट हा शब्द बंद झाला," सिस्टरबाई म्हणाल्या. "लिही पुढं."

तिनं त्या दिवशी गावातल्या तीन बायका नेल्या होत्या. त्यातली एक म्हणजे मेलेल्या बाईची सख्खी जाऊ. दवाखान्याची जीपसुद्धा कॅम्पलाच गुंतलेली. नर्स नाही हे त्या घराला सकाळपासून माहीत होतं, कारण नर्सबरोबर त्यांचीच सून गेलेली होती. म्हणून ते उपकेंद्राकडे फिरकलेच नाहीत. फाट्यावरून काळीपिवळी जीप आणायला माणूस पाठवला, ती यायला दीड तास लागला. दार कोणी वाजवलंच नव्हतं. आणि नोटिशीवर सही कोणाची? ज्यानं तिला कॅम्पला बोलावलं त्याच साहेबाची! माझं वाक्य त्या माणसाला किती गोड लागलं असेल, याचा विचार करा. त्याच्या कॅम्पचं कुठं नाव नाही, जीपचं नाव नाही, नुसतं एक बंद दार. मी ते त्याला फुकटात करून दिलं होतं.

तो खुलासा लिहायला तीन तास लागले. माझं लिखाण आयुष्यात इतकं कोणी खोडलेलं नाही. 'अत्यंत कर्तव्यनिष्ठ' लिहिलं, खोडायला लावलं. 'जुलमी प्रशासन' लिहिलं, खोडायला लावलं. "सकाळी किती वाजता निघाली ते लिही," बाई म्हणायच्या. "पायी का गाडीनं, ते लिही. कोणत्या बाईचं बीपी किती व्हतं, ते लिही." मी वैतागून म्हणालो, "हे कोण वाचणार आहे?" बाई म्हणाल्या, "कोणी न्हाई. तरी लिही."

शेवटी मी वेगळ्या कागदावर माझा जबाब लिहिला. पत्रकातलं ते वाक्य मी चौकशी न करता लिहिलं, ते एका चित्रपटातल्या प्रसंगावरून सुचलं होतं. खाली सही. भाऊंना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, "पत्रक मागं घेणाऱ्याला पुन्हा पत्रक लिहिता येत नाही रे." मी तरी जबाब दिला. चौकशीच्या कारकुनानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "कोणता पिक्चर? बरा आहे का?"

पण माझ्या एकट्याच्या सहीला किंमत नव्हती. मी काही तिथं नव्हतोच. साहेब म्हणाले, घरच्यांचा जबाब आणा, दार वाजवलं नव्हतं म्हणून. तो आणला असता तर ती पोरगी तिथंच राहिली असती. तो मिळाला नाही. तिची बदली औंढ्याच्या पार पलीकडे झाली, तिच्या कागदावर कायमचा ठपका बसला, आणि त्या गावच्या उपकेंद्रात पुढं वर्षभर कोणी आलं नाही. माझी मागणी पूर्ण झाली म्हणायची. सिस्टरबाई आता नांदेडला मुलीकडे असतात. मी अजून पत्रकं लिहितो, भाऊंचं खरं ठरलं नाही. पण तो जबाब का मिळाला नाही, ते सांगायचं राहिलं.

सिस्टरबाई आणि मी दुपारच्या एस.टी.नं त्या गावाला गेलो. मी कागद लिहूनच नेला होता, नुसता अंगठा उठवायचा होता. शाईचा पॅडही खिशात होता. सासू ओसरीवर बसलेली. जाऊ भिंतीला टेकून, मांडीवर ते लेकरू, शेजारी तिचं स्वतःचं. दोघांना तीच पाजत होती. लेकरू खरोखरच मान धरत नव्हतं.

मी सगळं नीट सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाई कसं, बाबा? वाजवलं ना. लई वाजवलं."

"आजी, कोणी वाजवलं?"

"आमी. खाट न्हेली ना तिकडं. आतमधी रेडू चालू व्हता. गाणं चालू व्हतं."

जाऊ म्हणाली, "आत्या, आपल्या घरचं कोणी तिकडं गेलंच न्हाई. जीप आणायला गेल्ता ना माणूस."

"तू गप," म्हातारी म्हणाली. रागानं नाही. लहान लेकराला गप करावं तशी. "तुला काय ठावं? माझ्या डोळ्यांसमोर हाय समदं."

मी सिस्टरबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी विचारतील. किती वाजता, कोणत्या बाजूनं, कडी होती का. सात वर्षं त्या खोलीत काढलेली बाई! दोन प्रश्नांत म्हातारी उघडी पडली असती. पण जन्मात पहिल्यांदा सिस्टरबाईंनी काहीच विचारलं नाही. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. मी दातओठ खाऊन म्हणालो, "आजी, ते पिक्चरमध्ये होतं."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "पिक्चरमधी बी आलं. आन् पेपरात बी आलं." ती उठली, आत गेली, आणि सुनेच्या फोटोमागून माझं पत्रक काढून आणलं. चार घड्या घातलेलं. घड्यांवर शाई उडालेली. तिनं ते माझ्या हातात दिलं.

"मला वाचता येत न्हाई. तूच लिवलं ना? वाच. माझ्या सुनंचं नाव हाय त्यात."

"आजी—"

"वाच की रे. एवढ्या लांबून आला."

मी वाचायला लागलो. गल्लीतल्या दोन-तीन बायका येऊन ओसरीखाली उभ्या राहिल्या. मी सभेत वाचतो तसंच वाचलं असणार, दुसरं मला येत नाही. सुनेचं नाव आलं तेव्हा म्हातारीनं डोळे मिटले. मग ते वाक्य आलं. मी आवाज खाली आणला, जमेल तेवढ्या घाईनं पुढं सरकलो. पण ती माझ्यासाठी थांबली नाही. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं मूठ वळली, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर, लेकरू दचकेल इतक्या जोरात, तीनदा आपटली.